भाटघरच्या पाण्यावरचा सुकाणी

सावळा धनगर आरमारात भरती झाला, ही बातमी भुतोंड्याच्या खोऱ्यात आधी कुणी खरी मानली नाही. धनगराचं पोर फार तर पलटणीत जाईल, नाहीतर म्हशींमागं जन्म काढील. दर्या त्याच्या सात पिढ्यांत कुणी पाहिला नव्हता. पावसाळा सरल्यावर राजगडाच्या माचीवरून मावळतीला एक धुरकट रेघ दिसते, तिला म्हातारेकोतारे दर्या म्हणत. ती खरंच दर्याची की धुक्याची, यावर पैजा लागत. एवढाच काय तो धनगरवाड्याचा दर्याशी संबंध.

पण सरकारनं या लोकांना दर्या घरपोच आणून दिला होता. सावळा दहा वर्षांचा असताना भाटघरला जुन्या धरणापेक्षा कितीतरी उंच असं नवं धरण उभं राहिलं आणि अठ्ठावीस सालापासून पाणी खोऱ्यात वर वर चढत आलं. भाताची खाचरं गेली, वाटा गेल्या. कुणाचं घर अलीकडं आणि रान पलीकडं, अशी गत झाली. माणसं अर्ज लिहीत बसली. म्हशींनी अर्ज केला नाही. पलीकडच्या डोंगराला हिरवं गवत दिसलं तशा त्या सरळ पाण्यात शिरल्या आणि पोहत गेल्या. म्हैस जाईल तिथं तिचा धनी जातोच. शेवटच्या म्हशीचं शेपूट घट्ट धरायचं, डोकं वर ठेवायचं आणि पलीकडच्या काठाला लागायचं, अशी रीतच पडून गेली. शेपूट धरणाऱ्याला पोहता यावं लागत नाही. सावळाला मात्र तेही यायला लागलं.

एकेचाळीस साली भोरच्या बाजारात भरतीवाले आले. पलटणीच्या साहेबानं सावळाची छाती मोजली आणि ती दोन बोटं कमी भरली. शेजारच्या टेबलावर आरमाराचा एक गोरा कंटाळून बसला होता. त्यानं दुभाष्याकरवी विचारलं, "पोहता येतं का?"

"म्हशीयेवढं येतं," सावळा म्हणाला.

दुभाष्यानं ते जसंच्या तसं सांगितलं. गोऱ्याचा कंटाळा गेला आणि सावळाचा अंगठा कागदावर उमटला.

जहाजावर गेल्यावर सावळाला पहिली गोष्ट कळली ती ही, की इथं पाहुणा कुणी नाही. दोनशे माणसं, पण प्रत्येकाची उभं राहायची जागा ठरलेली आणि वेळ ठरलेली. भाकरी थापणारासुद्धा तोफेची घंटा झाली की ठरल्या जागी पळायचा. हे सावळाला फार आवडलं. गावात माणसाची जागा तो कुठल्या वाड्यातला, यावरून ठरते. इथं ती कामावरून ठरत होती. वर्षभरात त्याला सुकाणूवर घेतलं. ज्यानं लहानपण म्हशींच्या शिंगांवर नजर ठेवण्यात घालवलं, त्याला होकायंत्राच्या काट्यावर चार तास नजर ठेवणं काय जड?

सुकाणूची खोली कप्तानाच्या खाली होती. समोर तळहाताएवढी काच, बाजूला पितळेची एक नळी. कप्तान वरून नळीत हुकूम बोलायचा. सुकाण्यानं तो हुकूम आधी मोठ्यानं परत म्हणायचा, मग चाक फिरवायचं, मग झालं म्हणून सांगायचं. ऐकण्यात चूक झाली असेल तर ती हात हलायच्या आधी कळावी, म्हणून ही रीत. सावळाला ती इतकी अंगवळणी पडली, की शेजारच्यानं मीठ मागितलं तरी तो "मीठ द्यायचं" असं म्हणून मग मीठ द्यायचा. या रीतीत त्याला मोठा निवांतपणा वाटे. काय करायचं ते वर ठरायचं, सावळानं फक्त हात द्यायचे. जबाबदारीचं ओझं वरच्या मजल्यावर.

आणि मग त्रेचाळीस सालचा तो दिवस आला. एडनकडं जाणाऱ्या मालवाहू जहाजांच्या तांड्याची राखण करताना सकाळी दहाच्या सुमाराला पुढचं एक जहाज पाणबुडीनं फोडलं. ते बघता बघता गेलं. उरलेल्या धुरातून सावळाचं जहाज जात होतं तेव्हा त्या तळहाताएवढ्या काचेतून त्याला माणसं दिसली. एका फळीला सहा जण धरून होते, जरा पुढं दोघं. गोफणीच्या टप्प्यात होते. खलाशीच होते, आपल्याच बाजूचे असावेत. एकाच्या डोक्याला लाल फडकं होतं. नळीतून आवाज आला, आहे तशीच चालू ठेव. पाणबुडी खाली कुठंतरी आहे आणि थांबलेलं जहाज म्हणजे तिच्या तोंडात घातलेला घास, हे जहाजावरच्या पोराटोरालाही माहीत होतं. थांबलं असतं तर आठांसाठी दोनशे गेले असते. सावळानं हुकूम मोठ्यानं परत म्हटला, "स्टेडी, सर." चाक जराही हललं नाही. ती आठ तोंडं काचेच्या एका कडेनं आली आणि दुसऱ्या कडेनं गेली. त्यांना मागून कुणी उचललं की नाही, ते त्याला कधीच कळलं नाही.

सेहेचाळीसच्या संक्रांतीला तो सुटून घरी आला. महिनाभरातच मुंबईला आरमारातल्या पोरांनी बंड केलं, हुकूम मानायचे सोडले. ती बातमी भोरात आली तेव्हा लोकांनी सावळाला घेरलं. तिथं असता तर तू काय केलं असतंस, असं विचारू लागले. सावळा एवढंच म्हणाला, "हुकूम मोडून जहाज चालत न्हाई." लोकांना वाटलं, हा सरकारचा मिंधा. त्यांना काय माहीत, या माणसाचा सगळा डोलारा त्या एका वाक्यावर उभा आहे ते.

बायकोला, भामाबाईला, त्यानं ती गोष्ट एकदाच सांगितली. ती ताक घुसळत होती. रवी थांबवून तिनं विचारलं, "त्यांनी काय केलं वं?"

"बघत व्हते."

"वरडले न्हाईत?"

"यंजिनात ऐकू येत न्हाई." मग तो म्हणाला, "तेबी दर्यातलेच व्हते, भामे. लढाईचं जहाज थांबत न्हाई, ह्यो कायदा त्यांना ठावा व्हता. आमी येताना दिसलो तवाच त्यांनी धरलं आसंल, का हे काय थांबायचे न्हाईत. आशा लावून फसवल्यासारखं न्हाई झालं ते."

भामाबाईनं रवी पुन्हा धरली. तिला एवढं कळलं, की नवऱ्याला याच एका समजुतीवर झोप लागते. त्या माणसांना माहीत होतं, त्यांनी वाट पाहिली नाही. हे खरं असेपर्यंत सावळा ठीक होता. ती समजूत ढळली असती तर त्याच्यापाशी दुसरी नव्हती.

त्याच उन्हाळ्यात पुण्याच्या आनंदरावांनी धरणाच्या काठी बंगला बांधला. आनंदराव लढाईत तंबू पुरवायचे. लढाई कुणाला कशी लागते पाहा, कुणाला गोळी लागते, कुणाला लॉटरी. आता माणसाकडं बंगला आला की त्याला बंगल्यापुढं काहीतरी हवं असतं. बंगल्यापुढं पाणी होतं, म्हणून आनंदरावांनी एक लाँच घेतली. लढाई संपल्यावर सरकार जुना माल डिस्पोजलमध्ये काढत होतं, त्यातली. जहाजाच्या बाजूला टांगून ठेवतात तसली ती आरमारी लाँच होती. आनंदरावांनी तिला पांढराशुभ्र रंग दिला, फळ्यांच्या जागी गाद्या घातल्या, वर झालरीचं छत लावलं. चालवणार कोण, असा प्रश्न आला तेव्हा कुणीतरी सावळाचं नाव सांगितलं. लाँच पाहताच सावळानं तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि एका जागी उडालेल्या पांढऱ्याखालचा आरमारी करडा रंग त्याला दिसला. त्यानं लगेच हो म्हटलं.

पहिल्या दिवशी आनंदराव मंडळी घेऊन आले, गाद्यांवर बसले आणि म्हणाले, "चल."

"कुठं जायचं, साहेब?"

"कुठं म्हणजे? अरे, फिरायचं."

सावळा गोंधळला. जहाज कुठंतरी जायला निघतं. कुठंच जायचं नसेल तर तोंड कुणीकडं धरायचं? त्यानं आपल्या मनानं बेंद्रीच्या टोकाकडं तोंड धरलं, तर निम्म्या वाटेत आनंदराव म्हणाले, "इकडं नको, ऊन डोळ्यांवर येतं." मग बाईसाहेबांना कमळं हवी झाली. कमळं या पाण्यात नव्हती. मग कुणाला तरी पाय पाण्यात सोडावेसे वाटले. बंदरावर पोचलेलं जहाज सावळानं बऱ्याचदा पाहिलं होतं. हौसेची नाव कधीच कुठं पोचत नाही, ती नुसती परत येते, हे त्याला इथं कळलं.

इथं हुकूम नळीतून नव्हे, गादीवरून यायचा, आणि एका वेळी चार गाद्यांवरून यायचा. एकजण म्हणे डावीकडं, दुसरा म्हणे जोरात, तिसरी म्हणे हळू रे, चहा सांडतो. सावळा आपल्या सवयीनं प्रत्येक हुकूम परत म्हणायचा. "डावीकडं घ्यायची, साहेब." "हळू घ्यायची, बाईसाहेब." मंडळींना याची मोठी गंमत वाटे. काही बायका मुद्दाम उलटसुलट सांगून त्याच्याकडून वदवून घेत. आनंदराव नव्या पाहुण्याला आधी लाँच दाखवत, मग सावळा.

"काय रे, लढाईपेक्षा हे बरं की नाही?" असं प्रत्येक पाहुणा विचारायचाच. जणू तेवढं विचारायलाच तो पुण्याहून आला होता.

"व्हय, साहेब," सावळा म्हणायचा.

आणि ते खोटंही नव्हतं. भीती नव्हती, घंटा नव्हती, संध्याकाळी घरी जायला मिळत होतं. भामाबाईच्या चेहऱ्यावर तजेला आला होता. पाण्याशिवाय त्याला करमत नव्हतं आणि या पाण्यात खाली कुणी दबा धरून बसलेलं नव्हतं. पण एक गोष्ट त्याला टोचायची आणि ती बोलून दाखवायला त्याच्याकडं शब्द नव्हते. जहाजावर हुकूम देणाऱ्याचा जीव हुकुमात असायचा. चुकला असता तर सगळ्यांच्या आधी तोच बुडाला असता. इथं हुकूम देणाऱ्याचं काहीच त्यात नव्हतं, फार तर चहा. पण सावळाचे हात काही भेद जाणत नव्हते. हुकूम म्हणजे हुकूम. बारा वर्षं ओझ्याला जुंपलेल्या बैलाला लग्नाची गाडी आणि शेणाची गाडी सारखीच.

कार्तिकात पाणी काठोकाठ होतं. त्या दिवशी आनंदरावांनी सरकारी खात्यातले एक बडे साहेब, त्यांची बायको आणि आणखी दोघं आणले होते. साहेबांच्या हातात कॅमेरा होता. बाईंना पाणी सोसत नव्हतं, त्या नाकाला रुमाल लावून बसल्या होत्या. दिवस कलायला आला होता आणि लाँच भुतोंड्याच्या बाजूनं परत निघाली होती, तेवढ्यात साहेबांना पाण्यावर काळी टाळकी दिसली. चार म्हशी ओळीनं पोहत अलीकडं येत होत्या आणि शेवटचीच्या मागं एका माणसाचं मुंडासं.

सावळानं मुंडाशावरून माणूस ओळखला. तो भुतोंड्याचा गेनबा होता. खोऱ्यातला जुना शेतकरी, घर अलीकडं आणि रान पलीकडं असलेला. सावळा लढाईवर असताना याच गेनबानं धनगरवाड्याच्या म्हशी खाचरात शिरल्या म्हणून कोंडवाड्यात नेऊन घातल्या होत्या. भामाबाई सोडवायला गेली तेव्हा दिवसभर तिला पारावर पंचांपुढं बसवून ठेवली होती. सावळाला तो माणूस डोळ्यांपुढं नको होता.

"वा," साहेब म्हणाले. "हे बघायला मिळत नाही हं आपल्याकडं."

आनंदरावांची कळी खुलली. "सावळा, जवळ घे. साहेबांना फोटो काढायचाय."

"म्हशी बुजतील, साहेब," सावळा म्हणाला.

"लांबून काय ठिपके काढायचे? जवळ घे म्हणतो ना."

जहाजावरही सुकाण्याला दिसलेलं एकदा सांगायची मुभा असते. एकदा सांगितलं की त्याचं काम संपलं, पुढं वरच्याचं. सावळानं एकदा सांगितलं होतं. "जवळ घ्यायची, साहेब," तो म्हणाला आणि त्यानं लाँच जवळ घेतली. म्हशींची जात जन्मापासून ओळखणारा धनगर, पाण्यात पोहणारी म्हैस बाजूच्या लाटेला भिते हे दुधाच्या दातांपासून ठाऊक असणारा, आणि त्यानं लाँच जवळ घेतली. आपण त्याला हसायचं कारण नाही. हुकूम ही चीजच तशी आहे. ती अंगात शिरली की माणसाच्या शहाणपणाला आधी बाहेर काढते.

लाँचची लाट ओळीवर आडवी गेली. पुढची म्हैस डुरकली आणि मागं वळली, दुसरी तिच्या अंगावर चढली, ओळ फुटली. शेवटचीनं नाक वर करून एक झोका घेतला आणि गेनबाच्या हातातलं शेपूट सुटलं. मुंडासं एकदा खाली गेलं, वर आलं, पुन्हा गेलं. साहेबांनी फोटो काढला आणि बटण दाबून झाल्यावर विचारलं, "त्या माणसाला काही झालं नाही ना?"

"छे हो," आनंदराव म्हणाले. "रोजचंच आहे यांचं. माशासारखी पोहतात ही माणसं." त्यांना तसं खरंच वाटत होतं. बाईंनी घड्याळ पाहिलं. आनंदराव म्हणाले, "चल, पुढं घे आता. थांबू नकोस, उशीर झालाय."

सावळानं मागं पाहिलं. पाण्याच्या वर एक तोंड होतं आणि ते लाँचकडं बघत होतं.

"पुढं घ्यायची, साहेब," सावळाचं तोंड म्हणालं. ठसठशीत, रोजच्या आवाजात. आणि त्याच वेळी त्याच्या हातांनी चाक शेवटपर्यंत उलटं फिरवलं.

लाँच जागच्या जागी अशी वळली, की बाई गादीवरून खाली आल्या, किटली उलटली आणि साहेबांच्या हातातला कॅमेरा पाण्यात गेला. आनंदराव झालरीच्या खांबाला मिठी मारून ओरडत होते, "अरे, हुकूम समजत नाही का तुला?"

"समजला, साहेब," सावळा म्हणाला. तोवर त्यानं इंजिन बंद केलं होतं, पंख्याचं पातं माणसाला लागू नये म्हणून. लाँच आपल्या वेगानं सरकत गेली. त्यानं आकड्याची काठी लांब केली, ती गेनबाच्या बंडीत अडकवली, ओढलं, काखेत हात घातला आणि त्या म्हाताऱ्याला बड्या साहेबांच्या पायाशी आणून टाकलं. गेनबा बराच वेळ पाणी ओकत होता. गाद्यांची जी दशा व्हायची ती झाली.

दुसऱ्या दिवसापासून सावळा घरी होता. आनंदरावांनी लाँचवर घालायला दिलेले पांढरे कपडे परत मागवले, तेवढंच. साहेबांपुढं त्यांचं जे अडलेलं काम होतं ते अडलेलंच राहिलं म्हणतात.

धनगरवाड्यावर याची चर्चा झाली ती वेगळीच. धाकटा भाऊ रायबा म्हणाला, "दादा, हातातलं काम घालवलंस, ते गेनबासाठी? मानूस तरी बघायचा." वाड्यावरची दोन माणसं मात्र कौतुक करून गेली. म्हणाली, लढाईवर गेल्याचं सार्थक झालं, असं हे काळीज तिथंच घडलं असणार. सावळानं त्यांच्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की ती दारातूनच परत फिरली.

त्याला झोप येईना. लाँचच्या चाकाचा तो झोका हातांतून जाईना. आजवर त्याची अशी पक्की धारणा होती, की हुकूम झाला की हात दुसरं काही करूच शकत नाहीत. त्यात त्याचा दोष नाही, पाणी उताराला जातं तसंच ते. आता कळलं होतं, की हात वळतात. तोंडानं हुकूम म्हणत असतानासुद्धा वळतात, आणि तेही नावडत्या माणसासाठी. भामाबाईनं समजूत घातली, तिथं पाणबुडी व्हती, हितं काय व्हतं? ते खरंच होतं. दोनशे माणसांचा हिशेब खोटा नव्हता. सावळानं मान डोलावली. उरलेल्या त्या एका समजुतीला, त्या माणसांना माहीत होतं या समजुतीला, तो आणखी घट्ट धरून बसला.

आठव्या दिवशी दुपारी गेनबा स्वतः डोंगर चढून आला. डोक्यावर नव्या आंबेमोहोराचं गाठोडं होतं. भामाबाईनं त्याला पाहिलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली. पण घरी आलेल्याला दारात उभं ठेवायला ती काही पारावरची पंच नव्हती. तिनं घोंगडं टाकलं आणि आत ताक आणायला गेली.

"तांदूळ आनलाय," गेनबा धापा टाकत म्हणाला. "नवा हाय."

"कशापायी? लाट माजीच व्हती, गेनबा. म्याच जवळ आनली."

"ठावं हाय की. डोळं उघडंच व्हतं माजं." गेनबानं मुंडाशानं तोंड पुसलं. "पर वळवली बी तूच. आन् म्या तुज्या बाईमानसाला दिसभर बसवून ठिवलं व्हतं, तेबी मला ठावं हाय. म्हनूनच चढून आलो, न्हाईतर गड्याच्या हाती धाडला नसता?"

भामाबाई लोटा घेऊन दारात आली होती. ती तिथंच उभी राहिली. मग सावळानं जमिनीकडं बघत विचारलं, "गेनबा, येक इचारू? शेपूट सुटलं, तवा लाँच म्होरं चालली व्हती. ती काय थांबायची न्हाई, आसं तुमाला वाटलंच आसंल."

"मला?"

"म्हंजी सायबाची नाव. बड्या लोकांची. ती कशापायी थांबंल? हे तुमी धरूनच चालला आसाल."

गेनबा सरळ माणूस. विचारलं त्याचा त्यानं नीट विचार केला, पाण्यातला तो वेळ आठवून पाहिला. त्याला काय ठाऊक, समोरचा माणूस कशाची भीक मागतोय ते.

"पान्याभायेर आसतो, तर तसंच म्हनलो आसतो," तो म्हणाला. "आनंदरावाची नाव गेनबासाठी थांबती, आसं जल्मात कोन म्हनंल? पर पान्यात निराळंच हाय, सावळा. आत गेल्यावर ठावं आसल्यालं काय बी ऱ्हात न्हाई. ती पाठमोरी चालली व्हती, दिसत व्हतं मला. तरी म्या आपला मनात म्हनतोय, ही माज्याकडंच यायला निघालीया. जरा लांबून वळसा घेतीया, येवढंच."

"आन् वळली नसती तर?"

"तर तसाच बघत ऱ्हायलो आसतो," गेनबा हसून म्हणाला. "नाकातोंडात पानी जाईस्तवर. आता वळंल, आता वळंल म्हनत. दुसरं काय करनार मानूस?"

सावळाचा चेहरा मातीसारखा झाला. भामाबाईनं लोटा गेनबाच्या पुढं ठेवला आणि ती नवऱ्याजवळ येऊन बसली, परक्या माणसासमोर कधी बसत नाही इतकी जवळ.

"त्यांना ठावं नव्हतं, भामे," सावळा म्हणाला.

गेनबाला वाटलं, म्हशींचं चाललंय. "मुक्या जनावराला काय ठावं आसनार," असं म्हणून त्यानं ताकाचा लोटा तोंडाला लावला.